निसटलेले दुवे : एका नव्या त्रैमासिकाचे नाव ठरवताना

महाराष्ट्रातल्या बहुतेक माणसांनी इतिहास इतिहासकारांकडून घेतलेला नाही. तो कादंबऱ्यांतून, नाटकांतून, सिनेमांतून आणि आता मालिकांतून घेतला आहे. माधवराव पेशवे कसे बोलत, कसे रागावत, याचे जे चित्र मराठी वाचकाच्या मनात पक्के बसले आहे, ते पेशवे दफ्तरातले कागद वाचून बसलेले नाही. ते रणजित देसाईंच्या १९६२ सालच्या 'स्वामी' या कादंबरीने बसवले. पानिपतची लढाई अनेकांना ठाऊक आहे ती विश्वास पाटलांच्या 'पानिपत'मुळे. कथेत एवढी ताकद असते. ज्यांच्या पूर्वजांवर कथा लिहिल्या जातात त्यांचा इतिहास घराघरात पोचतो. ज्यांच्या पूर्वजांवर लिहिल्या जात नाहीत, ते इतिहासात असूनही गर्दीत उभे राहतात. कादंबरीतल्या पालखीला भोई असतात, पण भोयाला नाव नसते. गावाच्या वेशीवर येसकर असतो, तो मशाल धरतो आणि पुढच्या पानावर नाहीसा होतो.

या मशाल धरणाऱ्या माणसांच्या कथा छापण्यासाठी आम्ही एक त्रैमासिक सुरू करीत आहोत. फक्त ऐतिहासिक कथांचे. आम्ही म्हणजे दोन शिक्षक, एक ग्रंथपाल, बँकेत काम करणारी एक कार्यकर्ती, दर रविवारी वस्तीतल्या मुलांना लेणी दाखवायला नेणारे एक निवृत्त पोस्टमन आणि कॉलेजात शिकणारी चार मुले-मुली. गेले वर्षभर आम्ही बैठका घेत आहोत. कागदाचा भाव, छपाईचा खर्च, वर्गणी हे विषय तीन बैठकांत मिटले. नावाचा विषय मात्र आठ महिने चालला. कारण नावावर वाद घालता घालता आम्ही दुसऱ्याच प्रश्नावर वाद घालत होतो : आपण आपल्या पूर्वजांवर कथा लिहायच्या म्हणजे नेमके काय करायचे? त्या प्रश्नाचे उत्तर मिळाले तेव्हाच नाव मिळाले. ते उत्तर चळवळीतल्या तरुण मित्रमैत्रिणींपुढे मांडावे म्हणून हा लेख.

पहिला आक्षेप घरातूनच आला. आमच्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी सरळ विचारले, "आपल्याला इतिहास हवा की गोष्टी? कागद शोधा, पुरावे छापा. गोष्टी लिहायला लागलात तर उद्या लोक आपल्या खऱ्या इतिहासालाही गोष्टच म्हणतील." हा आक्षेप हलका नाही. ज्या समाजाचा इतिहास आधीच नाकारला गेला, त्याने कल्पनेचा आधार घ्यावा का, ही शंका रास्त आहे.

पण थोडे मागे जाऊन पाहू. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड' ओळखली जाते. साल १८७१. ती आली 'विविधज्ञानविस्तार' या मासिकातून. हरि नारायण आपट्यांची 'उषःकाल' आली त्यांच्याच 'करमणूक' या साप्ताहिकातून. म्हणजे मराठीत ऐतिहासिक कथा-कादंबरी रुजली ती नियतकालिकाच्या वाफ्यात. आधी मासिक होते, त्याला वाचक होता, पुढच्या अंकाची वाट पाहणारे घर होते, म्हणून कादंबरी वाढली. ज्यांच्या हातात मासिके होती त्यांच्या पूर्वजांचा इतिहास रंगीत झाला.

आणि आपल्याकडे काय होते? आपल्याकडेही बीज होते. जोतीराव फुल्यांनी शिवाजीराजांचा पवाडा १८६९ साली लिहिला, म्हणजे 'मोचनगड'च्या दोन वर्षे आधी. शेतकऱ्यांचा राजा म्हणून शिवाजी महाराजांना उभे करणारी ती रचना आहे. पुढे अण्णा भाऊ साठ्यांनी १९५९ साली 'फकिरा' लिहिली. इंग्रजी अमलात मांग समाजातल्या एका माणसाने केलेल्या बंडाची ती कादंबरी, आणि ती अण्णा भाऊंनी अर्पण केली बाबासाहेबांच्या लेखणीला. पवाड्यापासून 'फकिरा'पर्यंत नव्वद वर्षे. इतक्या वर्षांत आपल्या माणसांनी कमी लिहिले असे नाही. पण जे लिहिले ते बहुतेक लढ्यासाठी लिहिले : निवेदने, अग्रलेख, जलसे, भाषणे. ते त्या वेळी लिहिणे भागच होते.

मग १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले आणि आत्मकथनांची लाट आली. सोनकांबळे, लक्ष्मण माने, शांताबाई कांबळे, बेबीताई कांबळे. या पुस्तकांनी मराठी साहित्याचा चेहरा बदलला. पण आत्मकथनाची एक मर्यादा त्याच्या स्वरूपातच आहे. जो लिहू शकतो तोच ते लिहितो. बेबीताईंनी आपले आणि आपल्या वस्तीचे जगणे लिहिले. त्यांच्या पणजीचे जगणे कोण लिहिणार? पणजीच्या पणजीचे? ती बाई जगली, राबली, कधी हसली असेल, कोणाला तरी उलट बोलली असेल. तिचा कागद नाही, सही नाही, दगडावर नाव नाही. तिच्यापर्यंत जायला कथेखेरीज रस्ता नाही. ज्येष्ठांच्या आक्षेपाला आमचे पहिले उत्तर हे होते.

दुसरे उत्तर आमच्या ग्रंथपाल मित्राने दिले आणि त्यानेच सगळ्या चर्चेला वळण लावले. १९४८ साली बाबासाहेबांचा 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ आला. मराठीत तो 'अस्पृश्य मूळचे कोण?' म्हणून आपण वाचतो. त्याची प्रस्तावना मित्राने बैठकीत आणली. अस्पृश्यतेच्या उगमाचा थेट पुरावा कुठल्याच ग्रंथात नाही, मग अभ्यासकाने काय करायचे, असा प्रश्न बाबासाहेबांनी तिथे स्वतःच उभा केला आहे. पुरावा सापडेपर्यंत हात बांधून बसायचे का? बाबासाहेब म्हणतात, नाही. ज्ञात घटनांच्या साखळीतले काही दुवे सापडत नसतील तर ती जागा भरायला अभ्यासकाने कल्पनाशक्ती आणि अंतःप्रेरणा वापरावी, त्यातून गृहीतक मांडावे, याला मुभा आहे. आणि या म्हणण्याला आधार म्हणून त्यांनी कोणाचा दाखला दिला आहे? मॅक्झिम गॉर्की या कादंबरीकाराचा! शास्त्रज्ञ आणि साहित्यिक दोघेही निरीक्षण करतात, तुलना करतात आणि मधली रिकामी जागा कल्पनेने भरतात, असा त्याचा आशय आहे.

पण बाबासाहेब तिथेच थांबत नाहीत. आपला सिद्धांत हाच अखेरचा शब्द माना, असा आपला दावा नाही, हेही ते त्याच प्रस्तावनेत सांगतात. तो तपासा, ज्ञात गोष्टींशी जुळतो का पाहा. म्हणजे मुभा आहे आणि मुभेबरोबर शिस्तही आहे. सापडलेले दुवे तोडायचे नाहीत, न सापडलेले कल्पनेने जोडायचे, आणि कोणता दुवा सापडलेला व कोणता जोडलेला हे लपवायचे नाही. ऐतिहासिक कथा लिहिणाऱ्याला यापेक्षा चांगला नियम कोण सांगणार?

या नियमाची परीक्षा लगेचच झाली. आमच्याकडे आलेल्या पहिल्या काही कथांत एक कथा भीमा कोरेगावची होती. लिहिणारा तरुण, हुशार, भाषा धारदार. कथेत पाचशे महार वीर एका दिवसात अठ्ठावीस हजारांच्या फौजेची कत्तल करतात आणि नायक शेवटी शनिवारवाड्याकडे बोट दाखवून भाषण करतो. आम्ही ती कथा परत पाठवली. तो चिडून बैठकीला आला. म्हणाला, "त्यांनी शंभर वर्षं वाटेल तसं रंगवून लिहिलं ते तुम्हाला चालतं. आम्ही एकदा रंगवलं की लगेच पुरावा मागता?"

त्याचा राग खोटा नव्हता. पण त्याला आम्ही जे सांगितले ते इथेही सांगतो. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावात कंपनीची जी तुकडी होती ती साधारण आठशे लोकांची. पायदळ, घोडेस्वार, गोलंदाज. वेगवेगळ्या जातीधर्मांचे लोक. पेशव्यांची सगळी फौजही एकाच वेळी त्या गावावर तुटून पडलेली नव्हती. विजयस्तंभावर एकोणपन्नास नावे आहेत आणि त्यातली बावीस नावे 'नाक' या प्रत्ययाने संपणारी आहेत. हे सत्य आहे, आणि हे पुरेसे आहे. ज्या पेशवाईने या माणसांना माणूस मानले नाही, त्या पेशवाईविरुद्ध लढताना मेलेल्यांची नावे दगडावर कोरली गेली, तीही इतरांच्या नावांच्या रांगेत. त्या नावांसमोर उभे राहण्यासाठी बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी तिथे गेले. या बावीस नावांना आपल्या अतिशयोक्तीची गरज नाही. उलट आपण एक आकडा फुगवला की ज्यांना ही बावीस नावे पुसायची आहेत त्यांचे काम सोपे होते. ते आपला फुगवलेला आकडा खोडतात आणि त्याबरोबर स्तंभही खोडून टाकल्याचा आव आणतात.

तो तरुण उठून गेला. दीड महिन्याने नवी कथा घेऊन आला. या वेळी त्याने लढाईचे वर्णन वाचले होते. त्यातली एक गोष्ट त्याला लागली होती : कंपनीचे शिपाई दिवसभर पाण्यावाचून लढले. भीमा नदी समोर, पण नदीपर्यंत जायचा रस्ता शत्रूच्या हातात. पाणी मिळाले ते रात्र पडताना. नव्या कथेत लढाई जवळजवळ नाहीच. एक शिपाई भिंतीआड बसला आहे, ओठ फुटले आहेत, आणि त्याला आठवते आहे आपल्या गावचे पाणी, ज्याला लहानपणी तो कधी हात लावू शकला नाही. आज नदी अडवली आहे ती बंदुकांनी. गावात कोणी बंदूक रोखली नव्हती, तरी पाणी अडलेलेच होते. त्याच्या शेजारी जखमी पडलेला शिपाई दुसऱ्या जातीचा आहे. रात्री पाणी येते, एकाच भांड्यात. कोण आधी पिणार?

कथा तिथे संपते. आमच्या बैठकीत ती वाचली गेली तेव्हा बराच वेळ कोणी बोलले नाही. तहान नोंदलेली आहे. ते भांडे आणि तो शिपाई त्या मुलाने रचले आहेत. कोरेगावच्या तहानेपासून महाडच्या चवदार तळ्यापर्यंत एकशे नऊ वर्षांचा रस्ता त्याने एकही खोटा आकडा न वापरता दाखवला. पहिल्या कथेतल्या अठ्ठावीस हजार मुडद्यांना हे जमले नव्हते.

या कथेनंतर आम्ही काही नियम ठरवले. नोंदलेली घटना, तारीख, आकडा बदलायचा नाही. प्रत्येक कथेखाली लेखकाने आठ-दहा ओळींत सांगायचे की यातले काय नोंदलेले आहे, काय परंपरेने सांगितलेले आहे आणि काय आपण रचले आहे. बाबासाहेब कथेत दिसू शकतात, पण त्यांच्या तोंडी त्यांनी न बोललेले वाक्य घालायचे नाही. व्हॉट्सॲपवर त्यांच्या नावाने रोज बनावट वाक्ये फिरत असताना आपल्या त्रैमासिकाने त्यात भर घालणे हा गुन्हा ठरेल. विरोधकालाही तहान, भीती आणि आई असली पाहिजे. पुठ्ठ्याचा खलनायक पाडून कोणी वीर होत नाही. आणि पात्रांनी आपापल्या बोलीत बोलायचे. वऱ्हाडातली बाई पुण्याच्या छापील मराठीत रडणार नाही.

आता नावाकडे येतो.

आपल्या चळवळीत नाव ठेवणे ही कधीच किरकोळ बाब नव्हती. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' काढले. त्या काळी आपली माणसे स्वतःला काय म्हणवून घेऊ पाहत होती ते त्या नावात आहे. किसन फागुजी बनसोड्यांनी 'निराश्रित हिंद नागरिक' असे नाव घेतले, म्हणजे आम्ही निराश्रित आहोत आणि तरी नागरिक आहोत, हा दावाच मथळ्यावर छापला. बाबासाहेबांच्या पत्रांची नावे तर ओळीने वाचावीत. 'मूकनायक' १९२०, 'बहिष्कृत भारत' १९२७, 'समता' १९२८, 'जनता' १९३० आणि १९५६ साली 'प्रबुद्ध भारत'. मुक्यांचा नायक, मग गावाबाहेर टाकलेला भारत, मग मागणी, मग सगळे लोक, आणि शेवटी जागा झालेला भारत. पाच नावांत छत्तीस वर्षांचा प्रवास आहे. पुढे साठोत्तरी काळात अनियतकालिकांनी 'असो', 'फक्त', 'येरू' अशी नावे घेऊन प्रस्थापितांच्या जड नावांची टिंगल केली. राजा ढाल्यांचे 'येरू' त्यातलेच. गंगाधर पानतावण्यांनी 'अस्मितादर्श' हे नाव दिले आणि त्याभोवती लेखकांची एक पिढी उभी राहिली. या रांगेत आपले नाव लागणार, म्हणून आम्ही घाई केली नाही.

पहिल्या बैठकीत आलेली नावे बहुतेक गर्जनेची होती. गर्जना, हुंकार, एल्गार. मोर्चाच्या पत्रकाला ही नावे शोभतात. पण कथा वाचणारा माणूस एकटा बसून वाचतो, त्याच्या कानाशी गर्जना करून काय उपयोग? ती नावे पहिल्याच दिवशी बाद झाली.

कॉलेजच्या मुलांनी 'नाक' हे नाव सुचवले. कोरेगावच्या स्तंभावरचे नाक, बावन्न हक्कांच्या दंतकथेतला अमृतनाक. टिंगल करणाऱ्यांना करू दे, असे त्यांचे म्हणणे. नाव धीट होते. पण बँकेतल्या आमच्या सहकारी म्हणाल्या, "नाक असलेली नावं फक्त पुरुषांची. आणि फक्त महारांची. मांगाची, चांभाराची, भिल्लाची, मोमिनाची गोष्ट तुमच्या नाकाखाली कशी येणार?" मुलेच आधी हसली आणि मग त्यांनीच नाव मागे घेतले.

'गावकूस' हे नाव बरेच दिवस टिकले. गावकुसाबाहेरच्या माणसांच्या कथा, म्हणून 'गावकूस'. त्यावर लेण्यांवर मुलांना नेणाऱ्या पोस्टमन काकांनी हरकत घेतली. कार्ल्याच्या चैत्यगृहात धम्मलिपीत कोरलेले आहे की दाराचे काम धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने केले. दुसऱ्या एका लेखात त्याच धेनुकाकटच्या सिंहदत्त नावाच्या गंध विकणाऱ्याचे दान आहे. कुड्याच्या लेण्यात माळ्याचे दान आहे. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी हाताने काम करणाऱ्या माणसाचे नाव विहाराच्या दगडावर मानाने कोरले जात होते. काका म्हणाले, "आपला इतिहास गावकुसाबाहेर सुरू होत नाही. गावकुसाबाहेर आपल्याला नंतर टाकलं. नाव 'गावकूस' ठेवलं तर जी भिंत त्यांनी बांधली तीच आपण दारावर पाटी म्हणून लावल्यासारखं होईल." हा युक्तिवाद कोणालाच खोडता आला नाही.

मग 'सांगावा' आला. शब्द गोड, अस्सल मराठी. निरोप घेऊन जाणे हे गावकामातले आपल्या माणसांचे काम. आता आपण आपल्याच पूर्वजांचा सांगावा पोचवू, असा त्यामागचा विचार. बहुतेक हात वर गेले. तेव्हा ज्या ज्येष्ठांनी सुरुवातीला आक्षेप घेतला होता ते पहिल्यांदाच नावाबद्दल बोलले. "माझ्या बापानं मयताचा सांगावा घेऊन भर उन्हात कोस-कोस पायपीट केलीय. दुसऱ्याच्या घरचा मुडदा, आणि सांगून झाल्यावर दारात उभं राहून वाढलेली भाकर. तुम्हाला तो शब्द गोड लागतो, कारण तुम्ही तो चालला नाहीत. मासिकावर छापू नका." वर गेलेले हात खाली आले. शब्दकोशातला शब्द आणि पायाखालून गेलेला शब्द यात केवढे अंतर असते ते त्या दिवशी सगळ्यांना दिसले. ऐतिहासिक कथा लिहिणाऱ्याने हेच अंतर ओळखायचे असते.

'दुवा' हे नाव कोणी सुचवले यावर आमच्यात अजून एकमत नाही. बाबासाहेबांची ती प्रस्तावना पुन्हा वाचली जात होती, निसटलेल्या दुव्यांचा उल्लेख आला, आणि दोन-तीन जण एकदमच बोलले. नाव लहान. उच्चारायला सोपे. लढाऊ वाटत नाही, पण साखळीतला दुवा तुटला तर काय होते हे आपल्या समाजाइतके कोणाला माहीत आहे? कार्ल्याचा सामी सुतार आणि मंगळवेढ्याचे चोखोबा यांच्यामधली बाराशे वर्षे कुठे गेली? ज्याचे नाव दगडावर मानाने कोरले गेले, त्याच्यासारखाच कष्टकरी चोखोबांच्या काळात देवळाच्या पायरीबाहेर कसा गेला? ही साखळी कोणी तोडली हे इतिहासकार शोधतील. त्या बाराशे वर्षांत एकेका घरात काय घडत गेले असेल ते कथाकाराने सांगायचे आहे.

नावाला एक गमतीदार हरकतही आली. 'दुवा' म्हणजे आशीर्वादही. लोक म्हणतील फकिराचे मासिक आहे. आम्ही म्हटले, म्हणू देत. साखळीतला 'तो' दुवा आणि फकीर देतो 'ती' दुवा, दोन्ही शब्द मराठीने शेजारी शेजारी नांदवले आहेत. महाडच्या दुसऱ्या परिषदेला डिसेंबर १९२७ मध्ये मांडव घालायला कोणी जागा देईना, तेव्हा ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. त्याच जागेवर २५ डिसेंबरला मनुस्मृती जळाली. ज्या इतिहासात असा दुवा आहे, त्या इतिहासाच्या त्रैमासिकाला हे नाव परके कसे वाटेल? कॉलेजची मुले म्हणाली, आम्हाला तर अडचणच नाही, आम्ही दिवसभर एकमेकांना लिंकच पाठवत असतो.

नियतकालिकाचे नाव आधी सरकारी निबंधकाकडून मंजूर व्हावे लागते. त्याच भाषेत किंवा त्याच राज्यात तसेच नाव आधी नोंदलेले असेल तर ते मिळत नाही. म्हणून अर्जात पहिल्या पसंतीला 'दुवा' आणि दुसऱ्या पसंतीला 'निसटलेले दुवे' असे लिहून दिले आहे. कोणतेही मिळाले तरी अर्थ एकच राहील.

पहिल्या अंकासाठी चार कथा पक्क्या झाल्या आहेत. एक कोरेगावच्या तहानेची. दुसरी फत्तेखानांच्या घरातली : जागा द्यायची ठरली त्या रात्री माजघरात काय बोलणे झाले असेल? तिसरी मंगळवेढ्याची. गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून चोखोबा इतर मजुरांबरोबर गाडले गेले आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी ओळखून पंढरपूरला नेल्या, असे परंपरा सांगते. आमच्या ग्रंथपाल मित्राने विचारले, बाकीच्यांच्या अस्थी कोणी ओळखल्या? त्यांच्या बायका दुसऱ्या दिवशी त्या ढिगाऱ्यापाशी आल्या असतील ना? त्याची कथा त्या दुसऱ्या दिवसाची आहे. चौथी कथा मुक्ता साळवेची. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली ही मांग समाजातली मुलगी, वय चौदाच्या आसपास, तिचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ या अंकांत छापला गेला. निबंधाने मराठी साहित्यात तिचे नाव कायमचे केले, पण तिच्या बाकी आयुष्याची नोंद फारच थोडी. निबंध लिहून झाल्यावर ती घरी गेली तेव्हा आई तिला काय म्हणाली असेल? एका विद्यार्थिनीने ती संध्याकाळ लिहिली आहे. म्हणूनच पहिला अंक १५ फेब्रुवारीला काढायचे ठरले आहे. तिचा निबंध ज्या तारखेला छापला गेला, तीच तारीख.

पैशाचे सांगायचे तर आपल्या पत्रांचा इतिहास समोर आहे. 'मूकनायक'ला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. पैसे घेऊनही त्याची जाहिरात छापायला 'केसरी' तयार नव्हता. 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना एकट्याने लिहावे लागले आणि १९२९ साली आर्थिक ओढाताणीतच ते बंद पडले. आमच्याजवळ चार अंकांचे पैसे आहेत, आमच्याच पगारांतून आणि पेन्शनीतून जमवलेले. पाचशे प्रती छापायच्या आणि दीक्षाभूमी, चैत्यभूमीवरच्या पुस्तकांच्या रांगेत बसून विकायच्या. तिथे भर गर्दीत उभ्याने पुस्तक चाळून शेवटची नोट काढून देणारा वाचक आम्ही पाहिला आहे. पाचवा अंक त्याच्या भरवशावर आहे.

पण पैशापेक्षा मोठी गरज कथांची आहे. तरुण मित्रमैत्रिणींना म्हणून एक काम सांगतो. आजीजवळ बसा आणि तिच्या आजीचे नाव विचारा. ते माहीत नसेल तर जे आठवते ते लिहून घ्या : कोणत्या गावाहून आली, कोणते काम करी, कोणती ओवी म्हणे. घरात वतनाचे जुने कागद ट्रंकेत पडले असतील तर ते रद्दीत घालण्याआधी वाचा. खैरमोड्यांनी लिहिलेले बाबासाहेबांचे चरित्र खंड काढून वाचा. त्यात एका ओळीत येऊन जाणारी शेकडो माणसे आहेत. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' वाचा. त्यातल्या प्रत्येक बाईमागे एक अख्खी कथा उभी आहे. जवळच्या लेण्यात जा आणि दाराशी कोणाचे नाव कोरले आहे ते पाहा.

मग लिहा. सापडलेले दुवे तसेच ठेवा, निसटलेले तुमच्या कल्पनेने जोडा, आणि कोणते कोणते ते खाली प्रामाणिकपणे सांगा. कथा परत आली तर रागावा, पण दीड महिन्याने पुन्हा या. कोरेगावची कथा अशीच आली होती.

जय भीम!